कठड्यावर कडप्पा की ग्रॅनाइट? चार पावसाळे काढल्यावर लिहितेय

मुलुंड पूर्वेला आमची इमारत आहे. १९८६ सालची, तळमजला धरून पाच मजले, वीस बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. मी सगळ्यात वरच्या मजल्यावर राहते आणि गेली सहा वर्षं सोसायटीच्या कमिटीत आहे. गच्चीच्या कठड्याच्या माथ्यावर बसवायच्या दगडाबद्दल, म्हणजे ज्याला सगळे कॉपिंग म्हणतात त्याबद्दल, मी बरीच शोधाशोध केली, पण आपल्या हवेत, आपल्या पावसात काय टिकतं हे मराठीत धड वाचायला मिळालं नाही. आम्ही एकदा चुकलो, एकदा मलमपट्टी केली आणि तिसऱ्यांदा काम नीट करून घेतलं. त्या तिसऱ्या कामाचे २०२५ मध्ये चार पावसाळे पूर्ण झाले. आता खात्रीने बोलता येईल, म्हणून लिहायला बसले.

माझ्यासाठी हा विषय सासूबाईंच्या पलंगापासून सुरू झाला. त्यांची खोली नैऋत्येच्या कोपऱ्यात. पावसाचा मारा आपल्याकडे तिकडूनच येतो. जुलै उजाडला की त्यांच्या डोक्याशी असलेल्या भिंतीला, छतापासून हातभर खाली, ओलीचा पट्टा यायचा. ऑगस्टपर्यंत रंगाला फुगे, गणपतीपर्यंत पोपडे, आणि दिवाळीच्या सफाईला तिथून पांढरा लोणा झाडून काढायचा. त्यांना दम्याचा त्रास. गोधडीला येणारा तो कुबट वास आठवला की मला अजून अपराधी वाटतं, कारण तीन-चार वर्षं आम्ही दर मे महिन्यात नुसता रंग मारत राहिलो. सगळ्यांना वाटायचं गच्चीचा कोबा फुटलाय. कोब्यावर दोनदा खर्च केला. ओल हटली नाही.

कठड्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. कठडा म्हणजे कपडे वाळत घालायची, संक्रांतीला पतंग उडवताना पोरांना दटावायची, उन्हाळ्यात कुरडयांच्या ताटाखाली वीट सरकवायची जागा. पण हिशेब करून बघा. आमच्या गच्चीचा कठडा सगळा मिळून २६० फूट लांब आहे. प्लास्टरसकट जाडी दहा इंच. म्हणजे नुसत्या माथ्याचं क्षेत्रफळ वीस चौरस मीटर. मुंबईत एका पावसाळ्यात २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दोन हजारच धरला तरी त्या दहा इंचांच्या पट्टीवर चाळीस हजार लिटर पाणी पडतं. दहा हजारवाले चार टँकर. ते पाणी कुठे जातं, हा सगळा प्रश्न आहे.

आमच्याकडे ते भिंतीत जात होतं.

२०११ साली इमारतीची बाहेरची दुरुस्ती झाली तेव्हा त्या वेळच्या ठेकेदाराने कठड्यावर कडप्पा बसवून दिला होता. ठेकेदाराचं नाव लिहीत नाही, पंधरा वर्षं झाली आणि त्याने तसं केलं म्हणजे सगळीकडे तसंच केलं असेल असंही नाही. काळाभोर, चकचकीत, बघायला छान. सगळ्यांनी कौतुक केलं, मीही केलं. त्यात तीन दोष होते आणि तीनही दोष खाली उभं राहून दिसत नाहीत. दगड अगदी सपाट बसवला होता, उतार कुठल्याच बाजूला नाही. दगडाची कड प्लास्टरच्या जेमतेम अर्धा इंच बाहेर होती. आणि दोन दगडांमधला सांधा पांढऱ्या सिमेंटने भरला होता, जे दोन उन्हाळ्यांत केसासारखं चिरलं.

हे मला कळलं कसं ते सांगते, कारण हा प्रयोग कुणालाही करता येतो. २०१९ च्या जुलैत, चांगला पाऊस लागलेला असताना, मी छत्री घेऊन गच्चीवर गेले आणि वेणी घालताना धरतो तो हातआरसा दगडाच्या आतल्या कडेखाली धरला. वरून आलेलं पाणी कडेवरून खाली पडेल असं मला वाटलं होतं. पडत नव्हतं. थेंब कडेला यायचा, वळून दगडाच्या पोटाला चिकटायचा आणि तसाच उलटा चालत चालत भिंतीपर्यंत जायचा. एकामागून एक, मुंग्यांच्या रांगेसारखे. भिंत आणि दगड जिथे मिळतात तिथे काळी ओली रेघ होती आणि सगळं पाणी त्या रेघेत शिरत होतं. मी दहा मिनिटं तशीच उभी होते. आठ वर्षांच्या ओलीचं उत्तर त्या तळहाताएवढ्या आरशात दिसलं.

त्या आधी, २०१८ मध्ये, कठड्यावरून वॉटरप्रूफिंगचा रबरासारखा रंग मारून झाला होता. दगडासकट सगळं झाकून टाकायचं, सांधाही गेला आणि चीरही गेली, असं सांगण्यात आलं होतं. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात त्या रंगाला पोळीसारखे फुगे आले, कारण आत आधीचं पाणी कोंडलेलं. उन्हाने त्याची वाफ व्हायला लागली की ती वाट काढणारच. जो थर वरून पाणी अडवतो तोच खालचं पाणी बाहेर जाऊ देत नाही. ओल्या भिंतीवर रंग मारून उपयोग नाही हे मी आता कुणालाही हात जोडून सांगते.

मग लॉकडाऊन आला, दोन वर्षं तशीच गेली. उपविधींप्रमाणे तीस वर्षांच्या वरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी करावं लागतं. आमचं २०२१ च्या शेवटी झालं आणि त्या अहवालात कठड्याचा वरचा भाग लाल शाईने आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये काम काढलं.

जुना कडप्पा उचकटला त्या दिवशी मी मुद्दाम वर होते. गवंडी जालन्याकडचे, साठीला आलेले, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. त्यांनी छिन्नी घातली आणि पहिला दगड नुसत्या हाताने उचलला गेला. खाली मसाला होता पण तो वाळूसारखा भुगा झालेला. त्यातून पिंपळाच्या मुळ्या गेल्या होत्या, पांढऱ्या, शिवणाच्या दोऱ्याएवढ्या बारीक, दगडाच्या पोटाला जाळी करून पसरलेल्या. रोप बाहेर कुठेच दिसत नव्हतं. आम्ही दरवर्षी ते कापून टाकायचो ना, वरचेवर. मामांनी वीट हातात घेऊन माझ्या हातात दिली. "बघा ताई." पाऊस जाऊन चार महिने झालेले, बाहेर रखरखीत ऊन, आणि वीट हाताला गार आणि दमट. बोटाने खरवडली तर निघत होती.

त्या विटेनंतर मी ठरवलं की दगड कुठला हे शेवटी बघायचं. आधी तो दगड काय काय सोसणार आहे ते बघायचं.

तरी दगडावरूनच सगळ्यात जास्त वाद झाले, म्हणून तेच आधी लिहिते. एलबीएस मार्गावरच्या मार्बल-ग्रॅनाइटच्या दुकानांत मी आणि आमचे खजिनदार दोन शनिवार फिरलो. जे जे पाहिलं त्याबद्दल माझं मत असं.

कडप्पा आंध्रातला, कडप्पा जिल्ह्यातूनच नाव आलं. चुनखडीचा दगड आहे, थराथराने बनलेला. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली, फळ्यांना उत्तम, पिढ्यान्‌पिढ्या आपण वापरतोय. पण उघड्यावर त्याचे थर सुटतात. आमच्या जुन्या दगडांच्या कडा अकरा वर्षांत पापुद्र्यासारख्या निघाल्या होत्या. काळा रंगही उन्हाने राखाडी होतो. आणि मुख्य अडचण पुढे सांगणार आहे त्या खाचेची. मी दुकानदाराला एका तुकड्यावर खाच मारून दाखवायला सांगितली, त्यांनी कटर फिरवला आणि कडेचा टवकाच उडाला. दुसऱ्या तुकड्यावर जमली, तिसऱ्यावर परत उडाला. तीनात दोन. शिवाय जाडी सारखी नसते, एका टोकाला १८ मिलिमीटर तर दुसऱ्या टोकाला २२.

राजस्थानचा कोटा आणि कर्नाटकातली शहाबादी फरशी हीसुद्धा चुनखडीच. कोटा कडप्प्यापेक्षा घट्ट वाटला, पण उघड्यावर वर्षानुवर्षं पावसात राहिला की पृष्ठभाग खरबरीत होतो आणि त्यात शेवाळ धरतं. शहाबादी अंगणाला, मागच्या दाराला शोभते, कठड्यावर नको. आणखी एक. हे तिन्ही दगड आम्लाने खातात. आपल्याकडे काम संपलं की सिमेंटचे डाग काढायला ॲसिडने धुवायची सवय आहे. चुनखडीवर ॲसिड टाकलं की तो फसफसतो, म्हणजे दगडच विरघळत असतो. कडप्पा किंवा कोटाच लावणार असाल तर निदान हे करू देऊ नका.

पत्र्याची टोपी हा नवीन प्रकार बऱ्याच सोसायट्या विचारतात. माझी बहीण वर्सोव्याला राहते, समुद्र चालत पाच मिनिटांवर. त्यांच्याकडे लोखंडी पत्रा वाकवून, वर रंग देऊन बसवला होता. तिसऱ्या वर्षी प्रत्येक स्क्रूभोवती गंजाचं वर्तुळ आणि तिथून भिंतीवर तांबडे ओघळ. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाला एकदा ओरखडा पडला की रंग काही वाचवत नाही. ॲल्युमिनियम त्या मानाने फार चांगलं, सांधे कमी, वजन नाही, हवा तसा उतार घडवून मिळतो. उंच टॉवरला मी तेच सुचवीन. पण ते उन्हात ग्रॅनाइटच्या जवळजवळ तिप्पट फुगतं. दहा फुटांची पट्टी ऊन-पावसाच्या फरकाने दोन-अडीच मिलिमीटर हलते, म्हणून सांध्याला खेळतं ठेवणारी पट्टी आणि क्लिपा लागतात. स्क्रू गच्च आवळून टाकले तर भोकं रुंदावतात. आणि ओल्या सिमेंटला ते थेट टेकवायचं नाही, सिमेंटचा क्षार ॲल्युमिनियमला खातो. आमच्या ठेकेदाराकडे हे काम येणारा माणूस नव्हता. ज्याच्याकडे तो माणूस आहे त्यांनी जरूर करावं. शिवाय आमच्या गच्चीवर कुणी ना कुणी कठड्याला रेलून उभं असतं, पत्रा चेपला असता.

जागेवर काँक्रीट ओतून टोपी करणं सगळ्यात जुनं आणि स्वस्त. पण चार इंचांच्या आत जाडी, त्यात सळई, तिच्यावर काँक्रीटचं आवरण जेमतेम बोटभर. दहा-बारा वर्षांत सळई गंजून फुगते आणि टोपी उभी चिरते. आमच्या शेजारच्या इमारतीवरून असा एक तुकडा खाली गाडीवर पडला होता. माणूस नव्हता हे नशीब. चिनी मोझॅकची टोपीही एका सदस्याने सुचवली, गच्चीवर जशी असते तशी. पण त्यात सांधेच सांधे. गच्चीवर ऊन लागून ते सुकतं, खाली कोबा असतो. कठड्याच्या कोपऱ्यावर तुकडे सुटून पडतात.

राहिला ग्रॅनाइट. थर नाहीत, पाणी जवळजवळ पीत नाही, ॲसिडला दाद देत नाही, जाडी मशीनची असल्यामुळे सारखी, आणि खाच स्वच्छ बसते. आम्ही फिकट करडा सादरहळ्ळी घेतला, १८ मिलिमीटर, वरून पॉलिश केलेला. काळा घेऊ नका असं मी सांगेन. काळा उन्हात जास्त तापतो, धूळ आणि कबुतरांची विष्ठा त्यावर उठून दिसते, आणि स्वस्त काळ्यात रंगवलेला माल मिसळलेला असतो. पांढऱ्या फडक्यावर ॲसिटोन घेऊन घासून बघा, फडकं काळं झालं तर तो रंग आहे.

आता पैशाचं. हे दर आम्हाला मार्च २०२२ मध्ये मिळालेले, खाच, बसवणं, सांधे भरणं सगळं धरून: कडप्पा रनिंग फुटाला २९० रुपये, ग्रॅनाइट ४३०. २६० फुटांचे कडप्प्याचे ७५,४०० आणि ग्रॅनाइटचे १,११,८००. वर १८ टक्के जीएसटी. फरक ४२,९५२ रुपयांचा. सभेत खजिनदारांनी कडप्प्याचा आग्रह धरला. त्यांचं म्हणणं होतं, "वहिनी, दगड तो दगड. बेचाळीस हजारांत जिना रंगवून होईल." चुकीचं नव्हतं, त्यांना सोसायटीची तिजोरी सांभाळायची असते. मी फळ्यावर एवढंच लिहिलं की वीस घरांत वाटले तर घरामागे २,१५० रुपये होतात, आणि माझ्या भिंतीला मी आतापर्यंत रंगावरच त्याच्या सातपट घातलेत. खालच्या मजल्यावरच्यांना ओल येत नव्हती, तरी त्यांनी हात वर केले. त्यांची मी आभारी आहे. वरच्या मजल्याचं दुखणं सगळ्या सोसायट्यांत सगळ्यांना आपलं वाटत नाही.

पण ग्रॅनाइट घेतला म्हणून काम झालं असं नाही. २०११ सारखा बसवला असता तर ग्रॅनाइटखालूनही पाणी तसंच गेलं असतं. पुढे लिहिते ते ठेकेदाराच्या कागदावर शब्दाशब्दाने घालून घ्या.

पहिलं म्हणजे उतार, आणि तो आत, गच्चीकडे. बाहेर दिला तर सगळी धूळ धुऊन नव्या रंगावर काळे ओघळ येतात आणि ते पाणी खालच्यांच्या खिडक्यांवर पडतं. आमच्या दहा इंचांच्या माथ्यावर मामांनी पाऊण इंचाचा उतार काढला. नुसती पाणसळ लावून नाही, त्यासाठी त्यांनी लाकडाची एक पाचर तासून घेतली होती, ती ठेवायची आणि तिच्यावर पाणसळ. बुडबुडा मधे आला की उतार बरोबर. २६० फूट त्या एका पाचरीवर झाले.

दुसरं, दगडाखाली काय आहे. सांधा आज ना उद्या फुटणारच असं धरून चालायचं, मग त्याखाली पाणी अडवणारा अखंड थर हवा. कुजलेल्या विटांचे वरचे दोन थर काढून नवे बांधले, उताराचं प्लास्टर केलं, ते आठवडाभर पाणी मारून पिकवलं, मग सुकू दिलं. त्यावर सिमेंट आणि पॉलिमर मिसळून येतो तो दोन भागांचा लेप, दोन हात, एकावर एक उलट्या दिशेने, मधे एक दिवस सोडून. सिका, फॉसरॉक, डॉ. फिक्सिट सगळ्यांचा येतो. कोपऱ्यांत जाळी दाबली. लेप दोन्ही बाजूंना प्लास्टरवर तीन-तीन इंच खाली उतरवला, टोपी घातल्यासारखा. सगळ्यात जास्त चालढकल इथेच होते, कारण दगड बसला की खाली लेप आहे की नाही कुणाला दिसतच नाही. मी रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन मोबाइलवर फोटो काढायची. माझं घर वरच होतं म्हणून जमलं.

तिसरं, दगड भिंतीच्या बाहेर किती. आमचा दगड चौदा इंच रुंद, म्हणजे दोन्हीकडे दोन-दोन इंच बाहेर. आणि त्या बाहेर आलेल्या भागाच्या पोटाला, कडेपासून पाऊण इंचावर, सलग खाच. हीच ती खाच जिच्यासाठी एवढा जीव टाकला. पोटाला चिकटून चालणारा थेंब खाचेच्या काठाशी आला की त्याला पुढे पाय टेकायला जागा मिळत नाही, तो तिथेच जड होतो आणि सुटतो. माझी बँकेतली नोकरी फोर्टात होती. काळ्या घोड्याजवळून जाताना १८७० सालची डेव्हिड ससून लायब्ररी, मालाडच्या पिवळसर दगडाची, रोज दिसायची. अशा जुन्या इमारतींच्या भिंतीबाहेर आलेल्या दगडी पट्ट्या मला शोभेच्या वाटायच्या. भिंतीवरून पाणी लांब टाकायचं काम त्या करत असतात हे निवृत्त झाल्यावर कळलं.

खाचेत ठेकेदाराच्या माणसाने पहिल्या दिवशी घाई केली. कटरचं पातं एकदाच फिरवलं, तीन मिलिमीटरची रेघ झाली. तेवढी बारीक फट पाण्याने भरून जाते आणि पुढचा थेंब तिच्यावरून सरळ पार होतो. मामांनीच ते पकडलं. एका दगडावर लोटाभर पाणी ओतून मला दाखवलं, थेंब खरोखरच खाच ओलांडून गेला. मग पातं दोनदा फिरवून मधला भाग काढला, आठ मिलिमीटर रुंद आणि सहा खोल केली, पुन्हा लोटा ओतला. पाणी खाचेच्या काठावर मण्यांसारखं अडकलं आणि टपटप खाली पडलं. आधीचे अकरा दगड परत खाली नेऊन पुन्हा खाच मारून आणले. चार फुटांचा एक दगड एकवीस किलोचा, लिफ्ट नाही. ती मुलं काही बोलली नाहीत, मी त्यांना त्या दिवशी दोनदा चहा आणि कांदेपोहे दिले.

दगड नुसत्या सिमेंटच्या गोळ्यांवर ठेवू देऊ नका. ग्रॅनाइटचं पोट गुळगुळीत असतं, साधा मसाला त्याला धरत नाही. पॉलिमरचा टाइल चिकटवायचा मसाला, दातेरी थापीने सगळीकडे पसरून. दोन दिवसांनी मामांनी प्रत्येक दगड रुपयाच्या नाण्याने वाजवला. पासष्टपैकी तीन पोकळ वाजले, ते काढून परत बसवले.

आणि सांधे. दोन दगडांत चार मिलिमीटरची फट, त्यात फोमची दोरी दाबून वर सीलंट. पांढरं सिमेंट नको, ग्राउट नको, दोन्ही कडक होतात आणि चिरतात. सीलंट पॉलियुरेथेनचं किंवा न्यूट्रल सिलिकॉन घ्या. नळी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते खिडक्यांच्या काचांचं सिलिकॉन आहे, सिमेंटवर ते धरत नाही. आमच्याकडे पहिल्या खोक्यात तेच आलं होतं. मी वासावरून परत पाठवलं.

चार पावसाळ्यांनंतरची स्थिती. सासूबाईंच्या भिंतीला २०२२ मध्ये सप्टेंबरात थोडा डाग दिसला होता, तो आतली जुनी ओल सुकताना आलेला. २०२३ पासून काही नाही. २०२४ च्या मार्चमध्ये लोणा खरवडून नवा गिलावा केला आणि रंग दिला, तो आजही जसाच्या तसा आहे. त्यांचा पलंग परत भिंतीला लावला. गोधडीला वास नाही. दम्याचा पंप अजून उशाशी असतो, पण रात्री दोनला उठून त्यांना बसवावं लागत नाही, आणि मला तेवढं पुष्कळ आहे. दगड एकही हललेला नाही, कडा शाबूत, कबुतरांची घाण पहिल्या जोरदार सरीत निघून जाते. पिंपळ आला नाही.

तक्रारी दोन. एक म्हणजे पॉलिश केलेला दगड आणि उतार, त्यामुळे त्यावर काही ठेवलं तर घसरतं. कुंड्या ठेवायला सक्त मनाई करावी लागली. तशी ती सगळीकडेच हवी. दुसरी तक्रार दगडाची नाही, केबल आणि इंटरनेटवाल्यांची आहे. ते न विचारता गच्चीवर जातात, वायर कठड्यावरून ओढतात, आणि आधी तर माथ्यातच खिळे ठोकायचे. एवढा लेप, एवढी खाच, आणि एक खिळा थेट आत. आम्ही गच्चीला कुलूप लावलं, किल्ली वॉचमनकडे, आणि वायरींसाठी आतल्या बाजूने, कठड्याच्या माथ्याखाली दोन फुटांवर, एक प्लास्टिकची नळी सगळीकडून फिरवून दिली. त्याला ६,००० रुपये गेले. हे कामाच्या अंदाजपत्रकातच धरा. तरीही २०२५ मध्ये पश्चिमेच्या एका सांध्यात वायर घासून सीलंट उकललेलं सापडलं. खाली लेप असल्यामुळे घरात ओल आली नाही. लेपाचा खर्च का केला असं अजून कुणी विचारलं तर मी त्यांना तो सांधा दाखवते.

कंपाउंडच्या भिंतीला आम्ही ग्रॅनाइट लावला नाही. तिथे दोन्ही बाजूंना मोकळी हवा आहे, आत कुणाचं घर नाही. जुन्या भिंतीच्या माथ्यावर बाटल्यांच्या काचा रोवलेल्या होत्या, प्रत्येक काचेभोवती पाणी शिरून वरचा गिलावा सुटला होता. त्या काढून तयार काँक्रीटच्या टोप्या बसवल्या, मधे उंच आणि दोन्हीकडे उतरत्या, पोटाला साच्यातच खाच असलेल्या. स्वस्त पडल्या आणि चांगल्या आहेत. घेताना उलट्या करून बघा, बऱ्याच दुकानांत खाच नसलेल्याच मिळतात.

तुमच्या सोसायटीत आता काम निघणार असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत काढा. भिंत सुकलेली असते, लेपाला वेळ मिळतो. मे महिन्यात सुरू केलंत तर ठेकेदार पावसाच्या भीतीने नेमका लेपाच्या दोन हातांमधला तो एक दिवस गाळतो. आणि शेवटचा हप्ता पहिला मोठा पाऊस होईपर्यंत हातात ठेवा. आम्ही दहा टक्के ठेवले होते. जूनच्या एका रात्री धो धो पडला, सकाळी मी तोच हातआरसा घेऊन वर गेले. आमचे खजिनदारही आले होते, छत्री धरायला. दगडाच्या पोटाला, खाचेच्या काठावर थेंबांची रांग लागली होती, आणि रांगेच्या पलीकडे भिंतीपर्यंतचा सव्वा इंचाचा दगड कोरडा होता. खजिनदारांनी बोट लावून बघितलं, मग मी लावलं. त्याच दुपारी चेकवर दोघांनी सह्या केल्या.

त्या उकललेल्या सांध्याचं सीलंट या फेब्रुवारीत बदलायचं आहे. मामा गावी गेलेत, त्यांच्या पुतण्याला बोलावलंय. नळी मीच आणून ठेवली आहे, वास घेऊन.